नाश्ता करायचा की नाही, हे आदल्या रात्रीच्या जेवणाला विचारा

तीन वर्षांपूर्वीचा एक बुधवार. अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी साडेसातला मधुमेहाची गोळी घेऊन नाशिकच्या गोदाघाटावरच्या बाजारात गेले. बुधवारचा बाजार लवकर गाठला की पालेभाजी ताजी मिळते, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्या आठवड्यात मात्र त्यांनी एक गोष्ट नव्याने सुरू केली होती. मोबाइलवर आलेलं कुणाचं तरी भाषण ऐकून सकाळचा नाश्ता बंद केला होता. नऊच्या सुमाराला मेथीच्या जुड्या निवडता निवडता त्यांचे हात थरथरायला लागले. दरदरून घाम सुटला, शर्ट पाठीला चिकटला आणि समोरची भाजीवाली काय भाव सांगते आहे तेच त्यांना उमजेना. त्या माउलीनं त्यांना पोत्यावर बसवलं, शेजारच्या चहावाल्याकडून मूठभर साखर आणली आणि पाण्यात कालवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी अण्णा भानावर आले. मी पोचलो तेव्हा ते भाजीची पिशवी मांडीवर धरून बसले होते आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "अरे, मी तर गोळी वेळेवर घेतली होती."

गोळी वेळेवर घेतली, हीच तर अडचण होती. ती कशी, ते पुढे सांगतो.

त्याच सुमाराला आमच्या वहिनीचं नेमकं उलटं चाललं होतं. नोकरीवरून यायला साडेआठ, मग स्वयंपाक, म्हणजे रात्रीचं जेवण साडेदहाला. सकाळी सव्वासातला पोटात अजिबात जागा नसताना ती उभ्या उभ्या बशीभर पोहे संपवायची, कारण "सकाळचा नाश्ता चुकवायचा नसतो" हे डोक्यात पक्कं बसलेलं. दिवसभर पोट जड, छातीत जळजळ, आणि पर्समध्ये ॲसिडिटीची गोळी कायमची.

एकाच घरात, एकाच ओट्यावर, एकाला नाश्ता सोडल्यामुळे त्रास आणि दुसरीला ओढूनताणून केल्यामुळे. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. डॉक्टरांना विचारलं, आहारतज्ज्ञांना विचारलं, संशोधन काय म्हणतं ते वाचलं. जे हाती लागलं ते इथे सरळ भाषेत मांडतो.

आपल्याकडे या वादाला दोन टोकं आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटोपा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचं सूत्रही घराघरांत पोचलेलं आहे. दोघांचं ऐकून फायदा झालेली माणसं मला माहीत आहेत. पण तुम्ही रात्री किती वाजता जेवता, कोणती गोळी घेता आणि कामाला किती वाजता निघता, हे भाषणातून कुणालाच कळू शकत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागतं.

रात्रभर शरीर उपाशी असतं म्हणजे काय

"सकाळी खाल्लं नाही तर मेंदूला इंधन मिळत नाही," असं आपण लहानपणापासून ऐकतो. निरोगी मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खरं नाही.

रात्री आठला जेवलात असं धरा. पुढचे चार-पाच तास त्या जेवणातली साखर रक्तात येत राहते. त्यानंतर यकृत आपलं कोठार उघडतं. त्यात साधारण 80 ते 100 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. मेंदूला दिवसाला अंदाजे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला पाचेक ग्रॅम. कोठारातला माल कमी होत जातो तसं यकृत दुसऱ्या कच्च्या मालातून नवीन साखर बनवू लागतं, आणि स्नायू बऱ्याच प्रमाणात चरबीवर काम भागवतात. सकाळी डोळे उघडतात तेव्हा कोठार रिकामं झालेलं नसतं, अर्धंमुर्धं शिल्लक असतं.

शिवाय पहाटे शरीर स्वतःच दिवसाची तयारी करतं. कॉर्टिसॉल आणि त्याच्या जोडीची काही संप्रेरकं वाढतात आणि यकृताला साखर सोडायला लावतात. "रात्री काही गोड खाल्लं नाही, तरी सकाळी उपाशीपोटीची साखर वाढलेली कशी?" असं मधुमेही माणूस विचारतो, त्याचं एक उत्तर इथे आहे. ती साखर ताटातली नसते, यकृतातली असते.

भुकेचंही घड्याळ असतं. प्रयोगशाळेत, उजेड आणि झोप यांचा परिणाम बाजूला काढून, लोकांची भूक मोजली गेली आहे. तेव्हा दिसलं की भूक सकाळी आठच्या आसपास सगळ्यात कमी असते आणि रात्री आठच्या आसपास सगळ्यात जास्त. म्हणजे सकाळी भूक न लागणं हा काही आजार नाही. घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक तर आपल्या सवयीच्या वेळा पाठ करून ठेवतं. रोज आठला खाणाऱ्याला पावणेआठला कावळे ओरडतात आणि रोज अकराला खाणाऱ्याला पावणेअकराला. वेळ बदलली की काही दिवस कुरकुर होते, मग शरीर रुळतं. म्हणून "नाश्ता सोडून पाहिला, दोन दिवसांत डोकं दुखायला लागलं" एवढ्यावर निकाल लावू नये. चहाची वेळ चुकली तरी डोकं दुखतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण नाश्ता सोडा म्हणणारे ती सांगत नाहीत. निरोगी माणसात इन्सुलिनचं काम सकाळी चांगलं चालतं आणि रात्री मंदावतं. तेच पोहे, तेवढेच पोहे, सकाळी आठला खाल्ले तर रक्तातली साखर जितकी चढते त्यापेक्षा रात्री आठला खाल्ल्यावर जास्त चढते. त्यामुळे नाश्ता सोडून तेच सगळं रात्री दहाला भरून काढणार असाल, तर सौदा तोट्याचा आहे. नाश्ता सोडणाऱ्या पुष्कळ लोकांचं होतं ते हेच.

संशोधन खरंच काय सांगतं

नाश्ता हे दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं जेवण, हे वाक्य आपल्या आज्यांचं नाही. अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावातून निघणाऱ्या एका आरोग्य मासिकात 1917 साली लेना कूपर या आहारतज्ज्ञ बाईंनी तशा अर्थाचं लिहिलं होतं. मासिकाचे संपादक होते डॉ. जॉन हार्वे केलॉग, कॉर्नफ्लेक्स जन्माला घालणाऱ्या केलॉग बंधूंपैकी एक. एवढ्यावरून ते विधान खोटं ठरत नाही, पण ते विज्ञानाचा अंतिम निकाल म्हणून जन्मलं नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं.

त्यानंतर कित्येक दशकं असे अभ्यास झाले की नाश्ता करणारे लोक सडपातळ आणि निरोगी दिसतात. 2013 साली हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे 27 हजार पुरुषांची माहिती तपासली. नाश्ता न करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण 27 टक्क्यांनी जास्त आढळलं. आकडा घाबरवणारा आहे. पण नाश्ता न करणारे हे पुरुष सरासरीनं जास्त सिगारेट ओढणारे, कमी व्यायाम करणारे आणि दारूही जास्त घेणारे होते. संशोधकांनी गणितानं हा फरक काढून टाकायचा प्रयत्न केला, तरी तो पूर्ण निघत नाही.

नाशिकचंच उदाहरण घेऊ. सकाळी सहाला गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या मारणारी मंडळी पाहा. घरी गेल्यावर त्यांना शांतपणे नाश्ता करायला वेळ असतो, करून द्यायला घरात कुणीतरी असतं, खिशात पैसे असतात. आणि पहाटे रिक्षा काढून द्वारका चौकात उभा राहणारा माणूस बघा. तीन चहा, तंबाखूची पुडी, दुपारी दोनला पहिला घास. या दोघांची तब्येत वेगळी असणारच. ती फक्त नाश्त्यामुळे वेगळी आहे असं म्हणणं त्या रिक्षावाल्यावर अन्याय आहे.

म्हणून खरा कस लागतो तो प्रयोगात, जिथे चिठ्ठ्या टाकून काहींना नाश्ता करायला आणि काहींना न करायला सांगतात. 2014 साली अशा एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या 309 जणांना 16 आठवडे तपासलं. नाश्ता करा किंवा करू नका, यापैकी कोणत्याही सल्ल्यानं वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी असे 13 प्रयोग एकत्र केले. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी 260 कॅलरी जास्त गेल्या आणि त्यांचं वजन अर्ध्या किलोहून थोडं कमी इतकंच जास्त भरलं. प्रयोग बहुतेक अमेरिका आणि ब्रिटनमधले होते, थोडक्या मुदतीचे होते आणि त्यांचा दर्जाही फार वरचा नव्हता. तरीही एक गोष्ट साफ झाली. नाश्ता केल्यानं वजन उतरतं, या समजुतीला आधार सापडला नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचा 2014 सालचा प्रयोग. बांध्यानं सडपातळ माणसं, सहा आठवडे. एका गटानं अकराच्या आत किमान 700 कॅलरींचा नाश्ता करायचा, दुसऱ्यानं दुपारी बारापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. वजनात फरक नाही. विश्रांतीत शरीर जाळतं त्या ऊर्जेतही फरक नाही, म्हणजे "नाश्त्यानं चयापचय पेटतं" ही गोष्टही टिकली नाही. फरक पडला तो हालचालीत. नाश्ता करणारी माणसं दिवसभरात आपोआप जास्त हलत होती. न करणारी नकळत जागच्या जागी राहत होती. शिवाय नाश्ता करणाऱ्यांची दुपारनंतरची साखर जास्त स्थिर होती.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या शेतातली न्याहारी आठवली. ऑक्टोबरमध्ये दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की पहाटे मजुरांच्या गाड्या भरून जाताना दिसतात. या बाया घरून निघताना फक्त चहा घेतात. बागेत दोन-तीन तास काम होतं आणि मग साडेनऊ-दहाला बांधावर भाकरी, ठेचा, एखादं कोरड्यास. उठल्या उठल्या नाही, पण दिवसाची मोठी अंगमेहनत पुढे असताना पोटात काहीतरी पडलेलं. न्याहारीची ही वेळ कुणी प्रयोगशाळेत ठरवली नव्हती, कामानं ठरवली होती.

मधुमेहींसाठी मात्र चित्र वेगळं आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाच्या 22 रुग्णांनी एक दिवस नाश्ता केला आणि एक दिवस टाळला. दुपारचं आणि रात्रीचं जेवण दोन्ही दिवशी तेच. नाश्ता टाळला त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरची साखर सुमारे 37 टक्क्यांनी आणि रात्रीच्या जेवणानंतरची सुमारे 27 टक्क्यांनी जास्त चढली. माणसं 22 च, म्हणून त्यावर इमले बांधू नयेत. पण आपल्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 सालच्या अहवालात आलं आहे. इतक्या घरांत हा प्रश्न आहे, तेव्हा मधुमेही माणसानं ऐकीव माहितीवर नाश्ता बंद करू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

अण्णांची गोळी

अण्णा ग्लिमेपिराइड घेत होते. या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. पोटात अन्न आलं आहे की नाही हे गोळी बघत नाही. म्हणून ती पहिल्या मोठ्या जेवणाच्या तोंडावर किंवा जेवणासोबत घ्यायची असते. अण्णांनी गोळी घेतली, अन्न घेतलं नाही, वरून दीड तास चालले. रक्तातली साखर घसरली. ती दर डेसिलिटर रक्तात 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड, गोंधळ अशी लक्षणं दिसायला लागतात. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि बरं वाटलं की पोळी-भाकरी असं काहीतरी खायला द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. भाजीवालीनं केलं ते अगदी बरोबर होतं. तिला हे कुणी शिकवलं होतं की घरात साखरेचा माणूस होता, ते विचारायचं राहून गेलं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. नाश्ता सोडायचा असेल तर आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा आणि वेळ बदलून घ्यायची. उलट थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची असते आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आपल्याकडे किती बायका ती गोळी चहाच्या घोटासोबत घेतात, आणि मग "गोळी लागू पडत नाही" म्हणतात! दुखण्यावरच्या कित्येक गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर पोटाला बाधतात. म्हणून नाश्त्याचा विचार करताना पहिल्यांदा औषधांचा डबा उघडून बघावा.

आदली रात्र

आता वहिनीकडे येऊ. तिचा प्रश्न सकाळचा नव्हताच. साडेदहाला जेवून साडेअकराला आडवं झालं की पोट रात्रभर कामाला. आडवं झोपल्यानं आम्ल वर येतं, जळजळ होते, झोप तुटते, आणि सकाळी सातला भूक कुठून लागणार? जुनी माणसं सांगतात ना, आधीचं जिरल्याशिवाय पुढचं खाऊ नये.

आमच्या शेजारी एक जैन कुटुंब आहे. चातुर्मासात ते चोविहार पाळतात, सूर्य मावळला की अन्न-पाणी बंद. सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी पहिला घास. त्या घरातली मुलं त्या वेळेपर्यंत भुकेनं अस्वस्थ झालेली असतात आणि मुगाच्या डाळीचे चिले गरम तव्यावरून उतरायचा अवकाश, संपतात. त्यांना नाश्ता करा म्हणून सांगावं लागत नाही. धर्माचं कारण वेगळं आहे, पण शरीराच्या दृष्टीनं पाहिलं तर बारा-तेरा तासांचा खंड मिळतो आणि खाणं दिवसाउजेडी होतं.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठात 2022 साली 30 जणांवर झालेला प्रयोगही हेच सुचवतो. जास्त अन्न सकाळी घ्या किंवा रात्री घ्या, कॅलरी सारख्या असतील तर वजन सारखंच उतरलं. पण सकाळी पोटभर खाल्लं तेव्हा दिवसभरात भूक कमी लागली. म्हणजे ज्याला संध्याकाळी फरसाणाच्या डब्यावरून हात निघत नाही, त्याच्यासाठी चांगला नाश्ता उपयोगी पडू शकतो. ज्याला तसा त्रासच नाही, त्याला त्याची तेवढी गरज नाही.

ताटात काय आहे

माझ्या मते खरा घोळ इथे आहे. आपण "नाश्ता" म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो?

पुष्कळ घरांत तो चहा आणि टोस्ट असतो, किंवा चहा-खारी, चहा-बिस्किटं. मैदा, साखर, वनस्पती तूप. दीड तासात पुन्हा पोकळी. त्याला नाश्ता म्हणायचं आणि मग "नाश्ता करूनही भूक लागते" अशी तक्रार करायची, याला अर्थ नाही. असा नाश्ता करण्यापेक्षा अकरापर्यंत थांबून नीट जेवलेलं बरं.

पोह्यांचं बघा. बशीभर पोह्यांना साधारण 50 ग्रॅम कोरडे पोहे लागतात. त्यात प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आसपास. साठ किलोच्या माणसाला दिवसाला जवळपास 50 ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे नुसत्या पोह्यांनी फारसं काही साधत नाही. त्यात मूठभर शेंगदाणे टाकले की पाचेक ग्रॅमची भर पडते. बाजूला मोडाची मटकी वाटीभर, किंवा एक उकडलेलं अंडं म्हणजे आणखी सहा ग्रॅम, किंवा दही. आता तो नाश्ता दुपारपर्यंत टिकतो. वरून लिंबू पिळायचं, ते केवळ चवीला नाही. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि पोह्यांच्या मागोमाग आपण जो चहा पितो, त्यातली टॅनिन्स नेमकं हेच लोह अडवतात. रक्त कमी असलेल्या बाईनं पोहे आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तर पैसा न खर्चता फायदा होतो. हे मी आमच्या घरी सांगून सांगून थकलो, पण आता अंतर अर्ध्या तासावर आलं आहे.

मिसळीबद्दल बोललं नाही तर नाशिककर मला माफ करणार नाहीत. मिसळीचा गाभा मटकीची उसळ आहे, आणि ती उत्तम गोष्ट आहे. तिच्यावर तर्री, फरसाण, सोबत दोन-तीन पाव, पापड, दही आणि शेवटी जिलेबी आली की ते एक भरपेट जेवण झालं. रविवारी दहाला मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी झाडाखाली बसून ती खावी, मनापासून खावी. फक्त तिला नाश्ता समजून दीडला पुन्हा वरण-भात-पोळी-भाजी असं साग्रसंगीत जेवू नये. उसळ जास्त, फरसाण कमी आणि पाव एकच मागितला तर रोजच्या खाण्याच्या जवळ जाते.

आणि शिळ्या अन्नाला नाकं मुरडू नका. रात्रीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून, फोडणीची पोळी कांदा-शेंगदाणे घालून, फोडणीचा भात. भात शिजवून थंड केला की त्यातला काही स्टार्च पचायला जड रूपात जातो, त्यामुळे साखर थोडी सावकाश चढते. भात रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलेला असावा, एवढी मात्र काळजी हवी. आपल्या पेठ-सुरगाणा-त्र्यंबककडची नागली, म्हणजे नाचणी, तर दुर्लक्षित संपत्ती आहे. शंभर ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. नागलीची भाकरी किंवा आंबील यांच्यापुढे बाहेरून आलेलं डब्यातलं सिरियल फिकं आहे.

कुणी सोडू नये, कुणी जुळवून घ्यावं

वाढत्या वयाच्या मुलांनी नाश्ता सोडू नये. त्यांचं यकृत लहान, साठा कमी, आणि शरीराच्या मानानं मेंदू मोठा आणि भुकेला. सकाळी सातची शाळा असेल तर साडेसहाला थालीपीठ गळ्याखाली उतरत नाही, हे खरं. मग दूध आणि केळं, आणि छोट्या सुट्टीत भरलेला डबा. घरात रात्रीच पुरेसं जेवण होत नाही अशा मुलांसाठी तर सकाळचं खाणं फारच मोलाचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मध्यान्ह भोजनाच्या जोडीला शाळेत सकाळचा साधा पौष्टिक नाश्ता द्यावा असं सुचवलेलं आहे. तमिळनाडूनं 2022 साली सरकारी प्राथमिक शाळांत तो सुरूही केला. सुरगाण्याच्या पाड्यावरून चालत शाळेत येणाऱ्या लेकरांना तो मिळावा, असं मला फार वाटतं.

गरोदर बायकांनी लांब उपास टाळावेत, त्यांच्या शरीरात साठा लवकर संपतो. वयस्कर माणसांची भूक तशीच मंदावलेली असते आणि स्नायू झिजत असतात. एक जेवण गळलं की प्रथिनं गळतात, म्हणून त्यांनीही सोडू नये. ज्यांना पूर्वी खाण्याचे मानसिक आजार झाले आहेत त्यांनी वेळा मोजण्याच्या भानगडीत पडू नये.

सकाळी पाऊण तास चालायला जाणाऱ्याला आधी खायची गरज नाही. पण पहाटे सायकल काढून त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन येणाऱ्यांचं गणित निराळं, कारण स्नायूंतला साठा भराभर संपतो. निघण्याआधी एक केळं आणि वाटेत खजूर, चिक्की असं काही हवंच.

रात्रपाळीचं काय? आमच्या गल्लीतला एक मुलगा अंबडच्या कारखान्यात रात्री अकरा ते सात काम करतो. सकाळी सुटल्यावर मित्रांसोबत भरपेट वडापाव आणि गोड चहा, मग घरी येऊन दोनपर्यंत झोप. तो म्हणतो, "मी रोज नाश्ता करतो." पण त्याच्यासाठी ते रात्रीचं जेवणच आहे, झोपण्याआधीचं. त्याला मी सुचवलं ते असं. मोठं जेवण पाळीला जाण्याआधी, नऊच्या सुमाराला. मध्यरात्रीनंतर शक्यतो कमी खायचं, कारण तेव्हा शरीर साखर नीट हाताळत नाही. घरी आल्यावर भुकेनं झोप मोडू नये इतपतच, म्हणजे दूध-पोळी किंवा मुगाची खिचडी. दुपारी उठल्यावरचं खाणं हा त्याचा खरा नाश्ता.

घरच्या घरी कसं ठरवायचं

औषधं चालू नसतील, गरोदरपण किंवा मोठा आजार नसेल, तर स्वतःवर प्रयोग करून पाहायला हरकत नाही. दोन आठवडे आठ-नऊला नीट, प्रथिनं असलेला नाश्ता. पुढचे दोन आठवडे पहिला घास अकरानंतर. रात्रीच्या जेवणाची वेळ दोन्ही वेळेला तीच ठेवायची, नाहीतर काहीच कळणार नाही. रात्रीचं जेवण आठपर्यंत आणता आलं तर उत्तम.

या काळात वजनकाट्यापेक्षा संध्याकाळी पाच ते सात हा वेळ बघा. माझ्या अनुभवात खरा निकाल तिथे लागतो. नाश्ता सोडलेल्या दिवसांत त्या वेळी तुम्ही दिसेल ते तोंडात टाकत असाल, घरच्यांवर खेकसत असाल, लिफ्टची वाट बघत उभे राहत असाल, तर नाश्ता तुम्हाला हवा आहे. उलट नाश्ता न करता दुपारी शांतपणे जेवता येतं, संध्याकाळ हलकी जाते, झोप चांगली लागते, असं असेल तर जबरदस्तीनं खायचं काही कारण नाही. कमरेचं माप महिन्यातून एकदा शिवणाच्या टेपनं घ्या. आणि शेजारणीला काय मानवलं ते विचारत बसू नका.

वहिनीनं तेच केलं. संध्याकाळच्या भाजीची चिराचिरी दादाकडे आली, जेवण सव्वानऊला आलं. सकाळी ती आता फक्त चहा घेऊन निघते आणि साडेनऊला ऑफिसात डबा उघडते. पोहे असले तर त्यावर लिंबू, नसले तर मटकी आणि अर्धी भाकरी. पर्समधली गोळी गेली.

अण्णांची गोळी डॉक्टरांनी बदलली. तरीही बुधवारी बाजाराला निघण्याआधी ते ओट्याशी बसून ज्वारीची अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ खातात. पिशवीच्या कप्प्यात साखरेची पुडी असते, आणि मेथी मात्र ते अजूनही त्याच बाईकडून घेतात.